मावशींचा दाखला आणि आपल्या घरातले दीड हजार

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

मी नाशिकचा, वय ४४, खासगी कंपनीत नोकरी. दर महिन्याला पगारातून टीडीएस कापला जातो. वडील सातपूरच्या एका कारखान्यातून २०१२ साली निवृत्त झाले. चौतीस वर्षं नोकरी करून त्यांना ईपीएस-९५ची पेन्शन मिळते जेमतेम दोन हजार. बहिणीचे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. महागाई भत्ता वाढला की त्यांच्याकडून पेढे येतात आणि बाबा दोन दिवस गप्प असतात.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी ६६ वर्षांच्या आहेत. त्यांना लाडकी बहीणचे पैसे यायचे, पासष्टी उलटल्यावर बंद झाले. आता श्रावणबाळ या वृद्धांच्या पेन्शन योजनेसाठी वर्षाला २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला हवा. ‘दादा, महिन्याला बाराशेच देता असं लिहून द्या,’ असं त्या म्हणतात. मी त्यांना तीन हजार देतो. बायको म्हणते, द्या लिहून, आपलं काय जातं? तिलाही पहिल्यापासून दीड हजार येतात, अख्ख्या बिल्डिंगनंच फॉर्म भरले होते. मला मात्र राग येतो. कर आम्ही भरायचा, आमच्या म्हाताऱ्याला काही नाही, आणि दुसऱ्यांनी खोट्या कागदावर घ्यायचं? मावशींना सरळ नाही म्हणू का? यात न्याय कुठे आहे?

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मावशींसाठी आणि दुसऱ्यांदा त्यातल्या एका ओळीसाठी. ‘तिलाही पहिल्यापासून दीड हजार येतात.’ ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, घरात वीज आहे, नळाला पाणी आहे असं सांगावं तशी. तिथूनच सुरुवात करते. रागावू नका.

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि घरात कुणी आयकर भरणारं नको. ट्रॅक्टर सोडून चारचाकी असली तरीही नाही. अर्जासोबत एक हमीपत्र होतं. त्यावर या अटी आम्ही पाळतो अशी सही करायची होती. तुमच्या पत्नीनं ती केली. म्हणजे खोट्या कागदाचा प्रश्न मावशी तुमच्या दारात घेऊन आल्या त्याच्या बऱ्याच आधी तो तुमच्या हॉलमध्ये बसला होता, आणि बिल्डिंगभर बसला होता. त्याचा राग आला नाही, कारण सगळ्यांनीच भरले होते. मावशी एकट्या आल्या, आणि तोंडानं मागितलं.

यात तुमची पत्नी काही जगावेगळी नाही. पडताळणी सुरू झाली तेव्हा दोन हजारांहून जास्त सरकारी नोकरदार बायका या यादीत निघाल्या, आणि काही हजार पुरुषसुद्धा. २०२५ च्या जून महिन्यापासून २६ लाखांहून जास्त खात्यांचे पैसे थांबवले गेले. त्या सप्टेंबरपासून ई-केवायसी सक्तीचं झालं आणि त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही जोडावा लागला. तुमच्या घरचे पैसे अजून येत असतील तर तो चाळणीचा ढिसाळपणा समजा. हक्क समजू नका.

‘कर आम्ही भरतो, मग आमचेच पैसे परत आले तर बिघडलं कुठे?’ हा युक्तिवाद तुमच्या घरात झाला असणारच. माझ्याही घरात झालाय. त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. तुमचा टीडीएस जातो केंद्राकडे. त्यातला वाटा वित्त आयोगाच्या सूत्रानं सगळ्या राज्यांत वाटला जातो, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले शंभरात साधारण सहा रुपये येतात. राज्य चालतं ते मुख्यतः जीएसटीतल्या राज्याच्या हिश्श्यावर, पेट्रोल-डिझेलवरच्या करावर, मुद्रांक शुल्कावर, दारूवरच्या उत्पादन शुल्कावर. आता मावशींचा महिना डोळ्यांपुढे आणा. मोबाइलचा रिचार्ज, त्यावर १८ टक्के. साबण, टूथपेस्ट, बिस्किटाचा पुडा, यांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होता, आता ५. कामावर यायला शेअर रिक्षा, म्हणजे इंधनावरचा कर. त्यांना फॉर्म सोळा मिळत नाही एवढंच. आठ हजारांत महिना काढणारी बाई आपल्या कमाईतला बहुतेक पैसा खर्च करते, त्यामुळे वस्तूंवरचा कर तिला पुरेपूर लागतो. तुम्ही आणि मी बचत करतो, त्यावर वजावट मागतो, घराच्या कर्जाच्या व्याजावर सवलत घेतो. २०२५-२६ पासून तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करच नाही. या सवलतींना आपण कधी रेवडी म्हणत नाही.

आणि तुमच्या बहिणीच्या सासऱ्यांचा महागाई भत्ता? तो राज्याच्या तिजोरीतून जातो. मावशींच्या साबणावरचा करही त्याच तिजोरीत पडतो. राज्याच्या महसुली उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा भाग वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जाचं व्याज यांतच संपतो. पेन्शन मिळूच नये असं मी म्हणत नाही, गुरुजींनी तीस-पस्तीस वर्षं शिकवलंय. पण कोण कुणाला पोसतंय, हा हिशोब तुम्ही पत्रात मांडलाय तितका सरळ नाही.

आता बाबांबद्दल. पत्राचा खरा कढ तिथे आहे असं मला वाटतं. मावशी निमित्त झाल्या.

ईपीएस-९५ म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झालेली कर्मचारी पेन्शन योजना. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम त्यात जाते, केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. मेख आहे ती वेतनमर्यादेत. बाबा निवृत्त झाले तेव्हा ती ६,५०० रुपये होती. प्रत्यक्ष पगार पंधरा हजार असला तरी पेन्शनसाठी धरला जायचा साडेसहा हजारच, म्हणजे फंडात महिन्याला पडायचे ५४१ रुपये. पेन्शनचं सूत्र असं: वेतन गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. नोव्हेंबर १९९५ पासून २०१२ पर्यंतची साधारण सतरा वर्षं, वर १९९५ च्या आधीच्या नोकरीचा किरकोळ लाभ, असं सगळं धरलं की दोन हजारांच्या आतबाहेरच आकडा येतो. त्यावर महागाई भत्ता नाही. २०१२ चे दोन हजार आजही दोन हजारच. सप्टेंबर २०१४ मध्ये मर्यादा १५ हजार झाली आणि किमान पेन्शन १,००० ठरली. किमान पेन्शन साडेसात हजार व्हावी आणि तिला महागाई भत्ता जोडावा म्हणून बुलढाण्यात पेन्शनर मंडळी २०१८ च्या डिसेंबरपासून साखळी उपोषणाला बसली. सत्तरीची माणसं, आळीपाळीनं.

बाबांवर अन्याय झालाय, हे मी मान्य करते. पण तो मावशींनी केलेला नाही. पगार कमी धरून पेन्शनचं ओझं हलकं ठेवायचं, असं त्या काळी ठरलं. ते मालकांना सोयीचं होतं, आणि हातात चार पैसे जास्त पडतात म्हणून कामगारांनीही फारशी ओरड केली नाही. पेन्शन वाढवायची तर आता कुणीतरी पैसे घालायला हवेत. आजचे कामगार आणि मालक, नाहीतर केंद्राची तिजोरी. माझ्या मते तिजोरीनंच घालावेत, निदान तळाच्या पेन्शनरांपुरते. कारण ती माणसं आता नव्यानं वर्गणी भरू शकत नाहीत. हे मत कुणाला पटणार नाही हे मला ठाऊक आहे.

तुमच्या पगारपत्रकावर एक बारीक ओळ असेल: व्यवसाय कर, २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो मुख्यतः रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेल्या त्या योजनेला पैसा हवा होता, आणि ठरलं असं की शहरातल्या नोकरदारानं थोडं द्यायचं, सरकारनं तेवढीच भर घालायची. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. माझे वडील बँकेत होते. पगाराच्या पाकिटातली ही कपात दाखवून ते म्हणायचे, ‘हे दुष्काळाचे.’ कुरकुर करत, पण म्हणायचे. कुणाकडून घेतलं आणि कुणासाठी, हे घरातल्या पोरालाही ठाऊक होतं.

आजच्या योजनांत नेमकं तेच दिसत नाही. लाडकी बहीणसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवले. त्याच वर्षी राज्याची महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे दाखवली होती, आणि कर्ज ९ लाख कोटींच्या वर. म्हणजे या पैशातला काही भाग तुमची मुलं फेडणार आहेत. आणखी एक गोष्ट मला जास्त खुपते. २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे सुमारे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. गरिबाच्या एका ताटातलं उचलून दुसऱ्या ताटात वाढायचं, आणि त्या दुसऱ्या ताटावर तुमच्या बिल्डिंगमधल्या बायका बसलेल्या. तुम्ही न्यायाचं विचारलंत म्हणून सांगते, मला अन्याय इथे दिसतो.

दुसरा दिसतो मावशींच्या वाढदिवसात. चौसष्टाव्या वर्षी त्या ‘लाडकी बहीण’ होत्या, तेव्हा उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पासष्टी उलटली, नाव कटलं, आणि श्रावणबाळच्या दारात गेल्यावर मर्यादा झाली २१ हजार. महिन्याला साडेसतराशे! हातपाय थकायला लागले त्या वर्षी सरकार तिला सांगतं की आता तू बारापट गरीब असल्याचं सिद्ध कर. साडेसतराशेत नाशिकात खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही. अशी अट घातली की दोन प्रकारची माणसं उरतात. खोटं लिहून आणणारी आणि घरी बसणारी. मावशींनी तुमच्याकडे बाराशेचा कागद मागितला, त्या बाराशेचा आकडा त्यांनी मनानं काढला नसेल. खिडकीपाशी उभ्या असलेल्या कुणीतरी सांगितला असेल.

तर मग कागद लिहून द्यायचा का? माझं उत्तर नाही. आणि ते तत्त्वाच्या आवेशातून येत नाही. सही तुमची असेल, पण उद्या चौकशी झाली तर फटका मावशींना बसेल. या योजनांत दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, अधूनमधून लाभार्थ्यांची तपासणी होते. शेजारच्या कुणी तक्रार केली की पैसे बंद, आणि वसुलीची भीती वेगळीच. सहासष्टाव्या वर्षी बाईला ती धास्ती कशाला? पण ‘नाही’ म्हणून दार लावून घेतलंत तर तेही मला पटणार नाही. तो शब्द तोंडातून काढायच्या आधी काही कामं करा.

पहिलं काम घरातलं. पत्नीशी बोला, पण करदात्याच्या तोऱ्यात नको. दर महिन्याला स्वतःच्या नावावर, कुणाला न विचारता खर्च करता येतील असे पैसे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत असतील. असं असेल तर ते दीड हजार सोडणं त्यांना जड जाईल, आणि त्यात हावरेपणा नाही. तुम्ही तुमच्या पगारातून तेवढेच, जमलं तर जास्त, त्यांच्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला आपोआप जातील अशी सोय बँकेत करून टाका. ‘माग, मग देतो’ असं नको. मग दोघांनी मिळून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लाभ सोडत असल्याचा लेखी अर्ज द्या, अंगणवाडी ताईंकडून पत्ता कळेल. अर्जाची पोच घ्या. आधी घेतलेल्या पैशांचं काय करायचं, तेही तिथेच विचारा. काही बायकांनी आपणहून लाभ सोडलाय, तुम्ही पहिले नसाल.

मग मावशींचे कागद. त्यांचं नाव गावाकडच्या किंवा इथल्या दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे का, हे आधी बघा. असलं तर इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेची वाट उघडते आणि २१ हजारांच्या दाखल्याचा घोळ टळतो. त्यात केंद्राचा वाटा आजही ६० ते ७९ वयाला महिन्याला २०० रुपये आहे. वाचून हसू नका, राज्य त्यात भर घालून १,५०० करतं. घरेलू कामगार मंडळात त्यांची नोंद आहे का, तेही विचारा. राज्यात या मंडळाचा कायदा २००८ सालचा. नोंद साठीच्या आत करावी लागते, पण आधी झालेली असेल तर वयस्क कामगारांसाठी दहा हजारांचं एकरकमी सन्मानधन दिलं जातं, त्याची चौकशी करता येईल. तुमच्याकडे भांडी घासायला येणारी पंचेचाळिशीची बाई असेल तर तिची नोंद याच महिन्यात करून द्या, नाहीतर वीस वर्षांनी ती कुणाच्या तरी दारात हाच कागद मागायला उभी असेल.

यातलं काहीच जमलं नाही तर? मावशी आज कमावतात म्हणून त्यांना दाखला मिळत नाही. काम थांबेल त्या दिवशी उत्पन्न खरोखरच शून्य होईल आणि तेव्हा खरा दाखला निघेल. अडचण मधल्या काळाची आहे: गुडघे दुखतात पण काम सोडता येत नाही, कारण काम सोडल्यावर अर्ज मंजूर व्हायला किती महिने जातील ते ठाऊक नाही. हा काळ तुम्ही आणि बाकीची दोन-तीन घरं मिळून भरून काढू शकता. त्यांनी काम थांबवलं की पेन्शन सुरू होईपर्यंत प्रत्येकी चारपाचशे रुपये, ठरवून, दर महिन्याला. तुम्ही ज्यांच्या पोळ्या बारा-पंधरा वर्षं खाल्ल्यात त्यांना ग्रॅच्युइटी देताय असं समजा. ‘हे सरकारचं काम आहे’ असं तुम्ही म्हणाल. आहेच. म्हणूनच आमदारांच्या कार्यालयात दोन ओळींचं पत्र द्या की श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेची २१ हजारांची मर्यादा वाढवा. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप गटावर रेवडीबद्दल जेवढं टाइप करता त्यापेक्षा ते पत्र लहान असेल.

बाबांचं पेन्शन तुम्ही वाढवू शकत नाही, पण त्यांच्यासाठी काही गोष्टी राहून गेल्या असतील तर पाहा. ते सत्तरीच्या पुढे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड काढलंय का? आणि हो, इथे कुणी दाखला मागत नाही, करदात्याच्या बापालाही चालतं. अशा योजनेत खोटं बोलायची वेळच कुणावर येत नाही, हे बघून ठेवा. पेन्शनच्या कागदांत आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, तेही तपासा. त्यांच्यामागे तिला निम्मी पेन्शन मिळणार आहे, किमान एक हजार, आणि नावातल्या एका वेलांटीसाठी विधवांना वर्षभर खेपा घालताना मी पाहिलंय.

व्याह्यांचे पेढे आले की बाबांना एकटं सोडू नका. त्यांना फॅक्टरीबद्दल विचारा. साडेसहा हजारांच्या त्या मर्यादेबद्दल त्या वेळी युनियनमध्ये काय बोलणं झालं होतं, हे त्यांना नक्की आठवत असेल, आणि ते कुणी विचारलेलं नसेल.

मावशींबरोबर तलाठी कार्यालयात तुम्ही स्वतः जा, निदान एकदा. खरा पगार लिहिलेला कागद, आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा, आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असेल तर तोही बरोबर ठेवा. रांग मोठी असते, सर्व्हर बंद पडतो, दोन खेपा होतातच. त्या दोन दिवसांचा खाडा मात्र धरू नका.